फुलं बघायला थांबणाऱ्या काकू

आमच्या खरवईच्या सोसायटीतल्या काकू साठीच्या पुढे आहेत. मे महिन्यात हिमालयात ट्रेकला जायचं म्हणून फेब्रुवारीपासून दर रविवारी पहाटे त्या जवळच्या डोंगरावर सरावाला जातात आणि मलाही ओढून नेतात. दम लागला, असं त्या कधीच कबूल करत नाहीत. "थांब गं, ही धायटी बघू," म्हणतात आणि कमरेवर हात ठेवून त्या लाल फुलांसमोर श्वास जागेवर येईपर्यंत उभ्या राहतात.

गेल्या रविवारी शेवटच्या खड्या चढावर मला गरगरलं. माथा अगदी समोर दिसत होता.

"काकू, तुम्ही जाऊन या. मी बसते इथे."

त्यांनी एकदा वर पाहिलं आणि त्या माझ्या शेजारी बसल्या.

"मी एकटी वर जाऊन काय करू? फोटो कोण काढणार माझा?"

त्यांनी मला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. जाळीतून करवंदीच्या फुलांचा वास येत होता. बऱ्याच वेळाने आम्ही उतरायला लागलो, तेव्हा त्यांनी माझी सॅकही आपल्या पोटावर अडकवली. मी नको म्हणत राहिले.

"असू दे," त्या म्हणाल्या, "तेवढाच माझा सराव."