तुमसरच्या गोदामातला पायलट

गोदामात पोत्यांच्या थप्प्या लागतात, तसे किस्सेही लागतात. खालचा एक ओढला की वरचे सगळे अंगावर!

मला पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की भरून झालेल्या ट्रकमधली पोती दादा पुन्हा उतरवत होता. तुमसरच्या त्या राइस मिलमध्ये मी बी.ए. होऊन कारकून, आणि माझा सख्खा थोरला भाऊ बारावी सायन्स होऊन हमाल. आता याला बोलणी बसणार!

डोमाजी मुकादम आलेच. "काहून बे, भरलेला माल उतरवून राहिला?"

"मागं वजन जास्त झालं, काका. तोल जाते."

"ट्रक हाये का इमान?"

दादानं पुढचं पोतं पाठीवर घेतलं. विमान शिकण्याच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म तेव्हा त्याच्या खिशात होता!

*

फॉर्मात 'अनुभव' या रकान्यात त्यानं लिहिलं, 'तांदळाच्या गोदामात हमाली, तीन वर्षे.' मी रडकुंडीला आले. "दादा, हे खोड ना!"

"कायले? खोटं हाये का?"

मुलाखतीत साहेबांनी नेमकं तेच विचारलं, "हमालीचा विमानाशी काय संबंध?" दादानं त्यांच्याच टेबलावर फायली रचून मालाचा तोल समजावला. तासाभरानं साहेब शिपायाला म्हणाले, "फायली तशाच राहू दे."

निवड झाली!

*

लायसन्स मिळालं, मालवाहू विमानांच्या कंपनीत नोकरी लागली. एकोडीची मावशी मात्र हिरमुसली. "सवाऱ्या नाई बसत तुह्या इमानात? नुसते पोते?"

"पोते उलट्या नाई करत, मावशी!"

*

दादाची पहिली फेरी कलकत्त्याची. सकाळी रेडिओवर तिकडे वादळ असल्याचं ऐकलं आणि मी मिलच्या फोनकडे धावले. कंपनीच्या तिथल्या गोदामाला ट्रंक कॉल लावला. 'नो रिप्लाय.' दुपारी पुन्हा लावला. 'नो रिप्लाय!'

डोमाजीकाकांनी ट्रक भरणं थांबवलं. सगळे हमाल टेबलाभोवती उभे. कोणी बिडीही पेटवेना.

"तू कायले घाबरून राहिली, पोरी?" काका म्हणाले. माझ्यासाठी आणलेलं पाणी त्यांनीच पिऊन टाकलं.

चारला तिसऱ्या कॉलची घंटी खणाणली. मी इतकी दचकले की दौत सांडली.

"कलकत्ता! बोला!" ऑपरेटर म्हणाली.

खरखर. धपधप. मग कोणीतरी फोन उचलला, आणि धापा टाकत दादाच ओरडला,

"जरा रुको जी, पीठ पे बोरा है!"