पदरावरचा वंगणाचा डाग

४ मे. गोधडीसाठी जुनी लुगडी फाडत होते. एकाच्या पदरावर वंगणाचा काळा डाग दिसला आणि वीस वर्षांपूर्वीचा राग तसाच उसळला.

लढाई संपून फौजेतला भाऊ परतला आणि मला वाईहून पलूसला माहेरी न्यायला मोटारसायकल घेऊन आला. "बर्फातबी चालवलीया, आक्के. फकस्त पदर घट्ट खोच." मी खोचला.

सासूबाई ओसरीवरून कडाडल्या, "वडीलधारी बसल्यात. डोईवर पदर घे!"

घ्यावा लागला. घराजवळच्या वेशीपाशीच तो साखळीत अडकून चाकात गेला आणि मी रस्त्यावर फरफटले. कोपर सोलून निघालं. सासूबाई धावत आल्या. "अगं, डोस्कं उघडं पडलं की!" म्हणत त्यांनी आधी माझं डोकं झाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीसमोरच पदर कमरेला खोचला, उघड्या डोक्याने भावामागे बसले आणि म्हणाले, "चल रं."