रेकॉर्डिंगमधले सर

आमच्या गारखेड्यातल्या बिल्डिंगमध्ये एक दहावीतली मुलगी आहे. शाळा महापालिकेची. संध्याकाळी जिन्यात बसून ती मोबाइलवर गणिताचा ऑनलाइन वर्ग बघते. वर्ग रेकॉर्ड केलेला, तरी सरांनी "समजलं का?" विचारलं की मोठ्यानं "व्हय सर" म्हणते. नाहीतर "नाय सर" म्हणत व्हिडिओ मागं नेते. मला हसूच यायचं.

काल कितीतरी दिवसांनी पाण्याचा टँकर आला. सगळे धावले. ही मात्र आधी उभी राहिली, "सर, जाऊन येऊ का?" म्हणाली, मगच व्हिडिओ थांबवला.

"अगं, त्यांना ऐकू येतं का?" मी म्हणालो.

"नाय येत, काका. पण शाळेत गणिताला सरच नायत. मग विचारू कुणाला?"

हंडा घेऊन ती पळाली. पायरीवरच्या मोबाइलमध्ये सर हातात खडू धरून तिची वाट बघत राहिले.