मोठ्या वस्तूंवाली आत्या

माझी आत्या कचऱ्याच्या कचेरीत काम करते असं कुणी म्हटलं की तिचा पारा चढतो. "कचरा ही बघते," असं म्हणून ती माझ्याकडे बोट दाखवते, "मी मोठ्या वस्तू बघते." आणि ते खरंच आहे हो! एकाच खोलीत आमची दोन टेबलं. माझ्या टेबलावर ओल्या-सुक्या कचऱ्याच्या तक्रारी: गाडी आली नाही, आली पण थांबली नाही, शेजारीण तिच्या फुटक्या काचा आमच्या डब्यात टाकते. आत्याच्या फोनवर सोफे, पलंग, गाद्या, बंद पडलेले फ्रिज. ही नोकरी मला तिच्या वशिल्याने लागली असंही लोक म्हणतात. कसला वशिला! माझ्या अर्जात दोन चुका काढून तो तिनेच परत पाठवला होता.

मोठ्या वस्तूंचे नियम तसे सोपे आहेत. एका घरातून तीन महिन्यांत एकच वस्तू. आधी फोन करून नंबर घ्यायचा, तो कागदावर लिहून वस्तूवर चिकटवायचा आणि ठरल्या दिवशी सकाळी सातच्या आत वस्तू फाटकाबाहेर ठेवायची. गादी बांधलेली हवी, आरसा झाकलेला हवा, फ्रिजचं दार काढलेलं हवं. गाडी आली आणि वस्तू बाहेर नसली तर फेरी फुकट. तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा नंबर मिळतो. पण असं तीनदा झालं की त्या घरावर वर्षभर बंदी. मग वस्तू न्यायची नाही आणि त्या घराचा फोनसुद्धा घ्यायचा नाही.

एकोणीस वर्षांत आत्याने यातला एकही नियम कुणासाठी वाकवलेला नाही. माझ्या बाबांचा, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाचा फ्रिज दारासकट बाहेर ठेवला होता, तर तो तिने तसाच ठेवायला लावला. बाबा सहा महिने तिच्याशी बोलले नाहीत. "बरं झालं," आत्या म्हणाली, "तेवढेच सहा महिने राजकारण ऐकावं लागलं नाही." तिचं वय बावन्न. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणते, "कुणी नीट फॉर्म भरूनच आलं नाही."

आणि मग तीन वर्षांपूर्वी चष्मेवाल्यांचा फोन आला.

त्यांचं चष्म्यांचं छोटं दुकान आहे, म्हणून आमच्यात ते चष्मेवाले. आई गेली, आता घरात एकटेच, एक जुनी गादी द्यायची आहे, असं त्यांनी सांगितलं. आत्याने नंबर दिला, नियम सांगितले. नेहमी इथे माणसं 'बरं बरं' म्हणून फोन ठेवतात. चष्मेवाल्यांनी विचारलं, "गादी बांधायची ती सुतळीने, की नायलॉनची दोरी चालेल?"

अहो, आत्या खुर्चीत ताठ बसली! तोवरच्या इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"सुतळीने," ती म्हणाली. "नायलॉन गाडीच्या यंत्रात अडकतं."

"वा!" पलीकडून आवाज आला. आत्याच्या फोनचा आवाज कायम मोठा असतो, त्यामुळे तो 'वा' मी माझ्या टेबलावरून ऐकला. आमच्या कचेरीला आजवर कुणी वा म्हटलेलं नाही. आत्याचे कान लाल झाले होते आणि तिने उगाचच स्टेपलर उचलून परत ठेवला.

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी, सोमवारी, दहा वाजून दहा मिनिटांनी फोन. टीपॉय, सोफा, जेवणाचं टेबल, टेबलाच्या खुर्च्या एकेक करून. काचेचा कोपरा कागदाने झाकायचा की कापडाने? पलंग उभा ठेवायचा की आडवा? आत्या उत्तरं अशी द्यायची की जणू गाणं म्हणतेय. त्या सोमवारी ती मोत्याची कानातली घालायची.

"आत्या, फोनवर कानातली दिसत नाहीत गं," मी म्हणायचे.

"तू तक्रारी बघ," ती म्हणायची, आणि दहा वाजून नऊ मिनिटांनी घसा साफ करायची. एकदा फोन सव्वादहाला आला. ती पाच मिनिटं कशी काढली तिने, देवा! फोन चालू आहे का ते बघायला मला माझ्या फोनवरून फोन करायला लावला, आणि मी केला तेव्हाच त्यांचा आला, लाइन बिझी लागली, तर माझ्यावरच खेकसली.

आमचे गाडीचे ड्रायव्हरकाका मात्र चक्रावले होते. "आत्याबाई, त्या घरातून येतं ते सगळं धडधाकट असतं. सोफ्याची एक स्प्रिंग हललेली नाही. हा माणूस फेकतोय कशाला?"

मला केव्हाच कळलं होतं. आत्यालाही कळलं असणार, पण ती म्हणाली, "आपलं काम कारण विचारायचं नाही."

या वर्षी चष्मेवाल्यांनी कपाट नोंदवलं. आईचं, तीन दारांचं, मधल्या दाराला आरसा. गाडी गेली तर कपाट बाहेर नाही! दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन: माफ करा, जमलं नाही. आत्याने पुढच्या आठवड्याचा नंबर दिला. गाडी पुन्हा रिकामी आली. पुन्हा फोन. दर तीन महिन्यांचा फोन आता दर आठवड्याला येऊ लागला आणि आत्याने मोत्याची कानातली काढणंच सोडलं.

पण नियम तो नियम. "हे बघा," ती तिसऱ्या वेळी म्हणाली, "आता चुकवलंत तर वर्षभर बंदी लागेल. मला फोन घेता येणार नाही."

"कळतंय," ते म्हणाले. "पण कपाट गेलं, तर माझ्याकडे मोठं काहीच उरत नाही."

आत्या रिसीव्हर धरून बसली. मी माझी तक्रार ऐकत होते, कुणाच्या तरी डब्यात मेलेला उंदीर होता, पण माझं लक्ष तिकडे नव्हतंच. कपाट गेलं तरी फोन बंद, राहिलं तरी बंद! बोल ना गं बाई काहीतरी, असं मला ओरडावंसं वाटलं. आत्या म्हणाली, "नंबर लिहून घ्या."

गुरुवारी दुपारी ड्रायव्हरकाका फेऱ्यांचा तक्ता घेऊन आले आणि टेबलापाशी घुटमळले. "आत्याबाई, कपाट बाहेर नव्हतं. पण मी लिहितो की रस्ता खोदलेला होता. कुणाला काय कळतंय?"

"रस्ता खोदलेला होता का?"

"नव्हता."

"मग?"

मी उठून तिच्या टेबलापाशी गेले. "आत्या, अगं एकदा! एकोणीस वर्षांत एकदा! तो माणूस तुझ्यासाठी घर रिकामं करतोय आणि तू 'फेरी फुकट'चा शिक्का मारणार?"

"माझ्या भावाच्या फ्रिजला एक नियम आणि ह्यांच्या कपाटाला दुसरा?" ती म्हणाली, आणि तिने शिक्का मारला. धाडकन! मला इतका राग आला की मी तिच्याकडे पाठ करून बसले. पाचेक मिनिटांनी मागे वळून पाहिलं तर ती नियमांचं पुस्तक उघडून बसली होती आणि तिच्या नाकाचं टोक गुलाबी झालं होतं. रडत होती. मला फार वाईट वाटलं.

"नियम एकतीस," ती नाक पुसत म्हणाली. "बंदीचा आदेश देण्याआधी कर्मचाऱ्याने स्वतः घरी जाऊन पाहणी करायची."

"तो नियम आजवर कुणी पाळलाय?"

"म्हणूनच पाळायला हवा. मापाची टेप घे."

आम्ही दोघी निघालो. वाटेत ती इतकी भरभर चालत होती की मला धाप लागली, आणि दोनदा तिने मला विचारलं की केस ठीक आहेत का.

दार चष्मेवाल्यांनीच उघडलं. बुटके, गोरटेले, खांद्याला मलमाचा वास. आत्याने तोंड उघडून "नमस्कार" म्हटल्याबरोबर त्यांनी आवाज ओळखला आणि त्यांच्या हातातला चहाचा कप तिरका होऊन सगळा चहा पायावर. घरात पाऊल टाकलं तर आमच्या बोलण्याचा आवाज भिंतींवर आपटून परत येत होता. काही नाहीच हो! एक चटई, एक उपडी बादली आणि भिंतीशी ते अवाढव्य कपाट.

"बसता कशावर?" आत्याने विचारलं.

"बादलीवर. बसा ना."

आत्या बादलीवर बसली! जी बाई कचेरीत खुर्ची पुसल्याशिवाय बसत नाही, ती.

"कपाट बाहेर का ठेवलं नाहीत?"

"ठेवलं होतं. तिन्ही वेळा ठेवलं. शेजाऱ्याला बोलावून फाटकापर्यंत नेलं. गाडीचा आवाज आला की परत आत ओढायचो. खांदा गेला माझा." त्यांनी खिशातून एक वही काढली. "अजून सतरा प्रश्न राहिलेत विचारायचे. आरसा झाकायचा तो वर्तमानपत्राने की चादरीने, इथपासून."

"चादरीने," आत्या म्हणाली. "दुसरा?"

आणि त्या बाईने बादलीवर बसून सतरा प्रश्नांची उत्तरं दिली! मी टेप हातात घेऊन उभी. हसू की रडू कळेना. सतरावा संपला तेव्हा तिने पिशवीतून बंदीचा आदेश काढला. चष्मेवाल्यांनी निमूटपणे सही केली.

"म्हणजे आता वर्षभर नाही," ते म्हणाले.

"या घराचा फोन नाही घेता येणार," आत्या म्हणाली. तिने कागदाची घडी घातली, उघडली, परत घातली. "पण बंदी घरावर असते. माणसावर नसते. माझ्या घरावर बंदी नाहीये. तिथे राहणाऱ्या कुणालाही मला कितीही प्रश्न विचारता येतात. खुर्च्याही आहेत."

चष्मेवाल्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा असा काही फुलला की मी टेप खाली टाकली.

"मग त्यासाठी," त्यांनी वही पुन्हा उघडली, पेन सरसावलं, "काय काय कागदपत्रं लागतात? नंबर आधी घ्यावा लागतो का? आणि किती वाजेपर्यंत यायचं?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मला काय ठाऊक! ती त्यांच्याकडे वळली, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या तोंडून ते ऐकलं.

"मला माहीत नाही हो," आत्या म्हणाली आणि इतकी हसली, इतकी हसली, की बादलीवरून घसरून खालीच बसली.