नऊ आणि आठ यांच्या मधे

फोन आला तेव्हा मी खोपटच्या एसटी डेपोत होतो. खांबेटे बाईंची भाची मंजिरी बोलत होती. "काका, मावशी गेली. सकाळी साडेसातला. चहा घेतला, चष्मा मागितला आणि…" मी तिकिटाच्या मागे वेळ लिहून घेतली. वर्तमानपत्रात नोकरी केलेल्या माणसाचा हात अशा वेळीही तेवढंच करतो. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

सुलभा खांबेटे डोंबिवलीच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. त्यांचा विषय होता, विज्ञानातला विचार काळाबरोबर बदलतो तो नेमका कसा. मी आधी त्यांचा विद्यार्थी आणि पुढे त्यांच्या लेखांचा संपादक. त्यांचा पहिला तास ठरलेला असे. "उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे, असं एकेकाळी हुशार माणसं मानत होती. हसू नका, तुमच्यापेक्षा हुशार होती." मग पाऊण तास त्या तो द्रव असा खरा करून दाखवत, की चहाच्या कपातून तो बोटांत शिरताना आम्हाला जाणवायचा. घंटेला पाच मिनिटं उरली की त्या त्याचे तुकडे करत. आम्ही वर्गातून भांडत बाहेर पडायचो. त्यांचा सगळा सिद्धांत एका शब्दात मावे : उडी. जुना विचार एका क्षणी सुटतो, नवा पकडला जातो आणि पलीकडे पोचलेल्याला अलीकडचं पुन्हा कळत नाही. तीस वर्षं त्यांनी हे मांडलं. निवृत्तीनंतर त्याचं पुस्तक लिहिलं, नावही 'उडी'च ठेवलं. त्याची छपाईआधीची मुद्रितं मी तपासत होतो.

बाईंना एक नाद होता. शाळेचं वर्ष संपलं की त्या ठाणे ते कल्याण रद्दीची दुकानं फिरत आणि विज्ञानाची जुनी पाठ्यपुस्तकं शोधत. मुलांनी समासात काय लिहिलंय, ते त्यांना वाचायचं असे. कोपरीतला रद्दीवाला त्यांना पुरता ओळखून होता. "बाई, रद्दी तोलून घेतात, वाचून नाय!" "तू तोल, मी वाचते," असं म्हणून त्या त्याच्याच स्टुलावर बसत. तो मग काट्याशेजारी उभा राही.

गेल्या जूनमध्ये एका सकाळी त्यांचा फोन आला. डॉक्टरांनी फार तर वर्षाची मुदत दिली होती आणि ती बाईंनी मला बातमीसारखी, एका वाक्यात सांगितली होती. त्यामुळे स्क्रीनवर नाव पाहून मी घाबरलो. पलीकडून आवाज आला, "अरे, मी चुकले! ताबडतोब ये!" परीक्षेत पहिली आलेली मुलगी निकाल सांगते, तसा तो आवाज होता.

टेबलावर एक पाठ्यपुस्तक उघडं होतं. 'सूर्यमालेत नऊ ग्रह आहेत' या वाक्यातल्या 'नऊ'वर कागदाची पट्टी चिकटवून 'आठ' लिहिलेलं. प्लूटोला ग्रहांतून वगळल्यावर नवी पुस्तकं येईपर्यंत शिक्षिकेने वर्गाकडून ही दुरुस्ती करून घेतली होती. समासात कुणी पेन्सिलने लिहिलं होतं : 'बाई अजून नऊच म्हणतात.' पुस्तकावर खडवलीच्या शाळेचा शिक्का होता. खांबेटे बाई आदल्या दिवशी तिथे जाऊन त्या निवृत्त शिक्षिकेला भेटूनही आल्या होत्या.

"ती म्हणाली, मी नऊ म्हणायचे, थांबायचे, मुलं हसायची, मग आठ म्हणायचे. दोन वर्षं हेच! कळतंय का तुला? ती थांबायची तिथे तिच्याजवळ दोन्ही होतं. उडी मारलेला माणूस असा अडखळतो का रे?"

"बाई, पुस्तक छपाईला चाललंय."

"थांबव."

"एका शिक्षिकेवरून तीस वर्षं मोडीत काढायची?"

"एकीवरून कशाला? पलीकडे गेलेल्याला अलीकडचं कळत नाही, तर मी तो उष्णतेचा द्रव कसा खरा करून दाखवत होते? तीस वर्षं पुरावा वर्गात उभा होता, साडी नेसून!"

त्या इतक्या हसल्या, की खोकला आला. पाणी दिलं. मग मी न राहवून म्हणालो, "पण बाई, वेळ…"

"म्हणूनच ताबडतोब म्हटलं ना!"

तीन प्रकरणं त्यांनी नव्याने लिहिली. मग हात थरथरू लागला. उरलेल्या सहा प्रकरणांसाठी त्यांनी खडवलीचीच पद्धत उचलली. मंजिरी मुद्रितांतल्या ओळींच्या मापाच्या पट्ट्या कापून द्यायची. न पटणाऱ्या वाक्यावर बाई त्या चिकटवत आणि वर नवं वाक्य लिहीत. पहिली पट्टी शीर्षकावर बसली : 'अडखळ'. मी सवयीने लाल पेन काढलं, तर त्यांनी ते काढून घेतलं. "तुम्हा संपादकांना खोडायची खाज असते. खोडलंस, तर वाचणाऱ्याला वाटेल मला हे पहिल्यापासून माहीत होतं. खालचं दिसू दे."

शेवटची भेट त्या जाण्याच्या चार दिवस आधीची. बोटांना डिंक लागलेला, चेहरा अर्धा झालेला. "किती राहिलं?" मी विचारलं. "दोन पानं. काय मजा येतेय रे…" त्या म्हणाल्या. निघताना मला उठून निरोप देण्याऐवजी त्यांनी पुढची पट्टी उचलली.

मुद्रितांचा तो गठ्ठा आता माझ्या टेबलावर आहे. शेवटचं पान मी परवा पाहिलं. अखेरच्या वाक्यावर पट्टी नीट चिकटवलेली आहे, पण तिच्यावर काहीच लिहिलेलं नाही. मंजिरीला विचारलं. ती म्हणाली, "आदल्या संध्याकाळी चिकटवली. म्हणाली, सुकू दे, सकाळी लिहिते. चष्मा त्यासाठीच मागितला होता."

पान खिडकीशी धरलं, की पट्टीखालचं जुनं वाक्य वाचता येतं : 'उडी मारलेल्याला परतीची वाट नसते.' छापखान्यातून विचारणा झाली, शेवटच्या ओळीत काय घालायचं. मी कळवलं आहे : पट्टी कोरी छापा. खालची अक्षरं पुसट, पण वाचता येतील अशी ठेवा.