लाल पट्टी

माझ्या धाकट्या भावाच्या बायकोला आम्ही सगळे फिरकी म्हणतो. एका जागी बूड टेकणं बाईला माहीतच नाही. कपड्यांच्या कारखान्यात ती बटणं लावायच्या मशीनवर असायची. पहिल्या खेपेला सातवा महिना लागला तरी तपासणीला गेली नव्हती. एक दिवस दांडी मारली की मशीनवर दुसरी बसते, ही तिला धास्ती. आज जाते, उद्या जाते करत दिवस भरत आले. मीही कधी कान धरून नेलं नाही. प्रसूतिगृहात सतरा वर्षं आया आहे ना मी! "काही लागलं तर मी आहेच," म्हणायचे. अस्सा राग येतो आता त्या बोलण्याचा.

आमच्या प्रसूतिगृहात एक रीत आहे. आईच्या रक्ताचा रिपोर्ट वाईट असला किंवा नसलाच, की बाळाच्या पाळण्याला लाल पट्टी चिकटवायची. पट्टी दिसली की सिस्टर बाळाला लगेच बी काविळीची लस टोचतात, आईची कावीळ बाळाला लागू नये म्हणून. बाकीच्या बाळांना ती दीड महिन्यांनी. पट्ट्या चिकटवायचं काम माझंच. पण रिपोर्ट न आणणाऱ्या बाईला सिस्टर असं काही फैलावर घेतात, की ऐकवत नाही.

फिरकी भरदुपारी कारखान्यातूनच आली, केसांत दोरे अडकलेले, कळांनी वाकलेली. सिस्टरनी विचारलं, "रिपोर्ट कुठाय?" तिचं तोंड एवढंसं झालं. मीच पुढे झाले.

"सगळं झालंय, चांगलं आहे. घाईत फाइल घरी राहिली."

माझ्या शब्दावर सिस्टरनी कागदावर बरोबरची खूण केली. मुलगी झाली, टपोऱ्या डोळ्यांची. पाळण्याला पट्टी नाही. खरं सांगू? मला बरं वाटलं. आपल्या माणसाला चारचौघांत बोलणी खाऊ दिली नाहीत म्हणून!

चार वर्षांनी दुसऱ्या खेपेला मात्र मी तिला तिसऱ्याच महिन्यात ओढत नेलं. रक्तात बी कावीळ निघाली. डॉक्टर म्हणाले, मोठीचंही रक्त बघू. तिच्यातही निघाली. पोरगी हसते-खेळते, पण यकृत बिघडत नाही ना, हे आता दर सहा महिन्यांनी बघायचं, कदाचित जन्मभर. "तेव्हाच लस मिळाली असती तर बहुतेक टळलं असतं," एवढंच डॉक्टर बोलले.

मी फिरकीला सगळं सांगून टाकलं. वाटलं, माझ्या झिंज्या उपटेल. ती म्हणाली, "ताई, तुम्ही माझ्यासाठीच केलंत." त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

परवा धाकटा झाला. पट्टी मीच लावली, दोनदा दाबून बघितली. तासाभरात लस झाली. मोठी पाळण्याला धरून उभी होती.

"आत्या, माझ्या पाळण्याला पण होती?"

"नाही गं राणी. माझ्याकडून राहून गेली."

"मग आता लाव की," ती म्हणाली, आणि सुईची सवय झालेला हात तिने माझ्यापुढे धरला.