समुद्राने नेलेला पाऊण मिलिमीटर

“मशीनची साफसफाई चालू आहे,” हे उत्तर सलग तिसऱ्या दिवशी आलं, तेव्हा मी हातातलं शेड्यूल टेबलावर ठेवलं आणि रोहिणीला म्हटलं, “चल, खाली जाऊन बघू या.”

ईशान, मही, तुम्ही दोघांनी परवा फोनवर विचारलंत की आजी जपानमध्ये नेमकं काय करायची. “इंजिनिअर होते” हे उत्तर तुम्हाला पुरलं नाही, ते बरंच झालं. एकच काम सांगते, पण नीट सांगते.

भूकंपाला आणि त्सुनामीला तीन-चार वर्षं होऊन गेली होती. पुण्याच्या आमच्या कंपनीने मला दोन वर्षांसाठी सेंदाईजवळच्या एका लहान कारखान्यात पाठवलं होतं. तिथे कॅमशाफ्ट बनत. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनातला एक लांब दांडा. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे, म्हणजे कॅम, असतात. दांडा फिरला की उंचवटा व्हॉल्व्हला ढकलतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाच्या नाकपुड्या. त्या किती उघडायच्या याला लिफ्ट म्हणतात, किती वेळ उघड्या ठेवायच्या याला ड्युरेशन. शर्यतीच्या गाडीत दोन्ही वाढवतात, म्हणजे इंजिन मोठा श्वास घेतं. हे उंचवटे कसे असावेत ते ठरवणं, हाच माझा पंचवीस वर्षांचा धंदा.

रोहिणी माझी दुभाषी. मूळची सदाशिव पेठेतली, पण पंधरा वर्षं सेंदाईत संसार केलेली. माझं जपानी दुकानात मुळा मागण्यापुरतं होतं, बाकी सगळं तिच्यावर.

आणि काम होतं कान्नो-सान यांच्या ट्रकचं. कान्नो-सान साठीचे, भातशेती आणि मालवाहतूक करणारे गृहस्थ. त्यांच्या गावाजवळ दर शरद ऋतूत, कापणी झाली की, ट्रकची ओढण्याची स्पर्धा व्हायची. ट्रकच्या मागे एक लोखंडी घसरगाडी बांधतात. तिच्यावर वजनाचं खोकं असतं आणि गाडी जसजशी पुढे जाईल तसतसं ते खोकं ट्रकच्या दिशेने सरकतं. म्हणजे ओझं दर मीटरला वाढतच जातं. ऐंशी मीटरच्या मातीच्या पट्ट्यावर जो जास्तीत जास्त लांब जाईल तो जिंकला. कान्नो-सान आदल्या वर्षी एक्कावन्न मीटरवर अडकले होते. शेजारच्या गावचा ट्रक त्यांच्या पुढे गेला होता आणि ते गाव वर्षभर त्यांना त्याची आठवण करून देत होतं.

आमच्या कारखान्यावर या ट्रकचे उपकार होते. त्सुनामीनंतर फाटकापासून मशीनपर्यंतचा सगळा चिखल त्यानेच वाहून नेला होता. म्हणून आमचे शाचो, म्हणजे कंपनीचे मालक, म्हणाले की या ट्रकला आपण जास्त जोर देणारी परफॉर्मन्स कॅमशाफ्ट भेट देऊ, आणि आपटे-सान, म्हणजे मी, ती डिझाइन करतील.

अडचण एकच होती. इंजिन जुनं. त्याच्या कॅमशाफ्टचं ओतकाम कधीच बंद झालं होतं. गोदामात एकच कोरा दांडा उरला होता, उंचवट्यांना अजून आकार न दिलेला. तो चुकीचा घासला गेला तर दुसरा नाही. घासलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही.

मी उंचवट्यांचे तीन आराखडे केले: लहान, मध्यम आणि मोठा. कान्नो-सान यांनी मोठ्यावर बोट ठेवलं. “शेजारच्यांचा ट्रक फार मोठ्याने गर्जतो,” ते म्हणाले. मला मध्यम बरा वाटत होता. पण मोठा बसत नाही असं मला आकड्यांत दाखवता येईना. डिझेल इंजिनात पिस्टन वर येतो तेव्हा त्याच्यात आणि उघड्या व्हॉल्व्हमध्ये फार थोडी जागा उरते. ती निदान एक मिलिमीटर तरी हवीच, कारण वेगात सगळे भाग थोडे ताणले जातात. इंजिनाच्या मूळ ड्रॉइंगवरून मी हिशेब केला. मोठ्या कॅमला सव्वा मिलिमीटर उरत होता. म्हणजे चालेल.

मीटिंगमध्ये मी हे सगळं मांडलं. शेवटी नेहमीप्रमाणे विचारलं, “कोणाला काही शंका?”

कोणी बोललं नाही. शाचोंनी मान डोलावली. कान्नो-सान यांनी वाकून नमस्कार केला. ग्राइंडिंगचे, म्हणजे मशीनवर दांडा घासून आकार देणारे, सर्वांत जुने कारागीर ओनो-सान यांनी दातांतून हळूच हवा आत ओढली आणि माझ्या ड्रॉइंगकडे बघत राहिले. मी फाइल मिटली. पुण्यात आमच्या मीटिंगमध्ये चहाच्या कपावरूनसुद्धा तीन आक्षेप निघत. तिथे सगळे गप्प बसले तर ड्रॉइंग निर्दोष आहे असा सरळ अर्थ होता.

मग तीन दिवस साफसफाई.

आम्ही खाली गेलो तेव्हा ओनो-सान खरोखरच मशीन पुसत होते. ते इतकं लखलखीत झालं होतं की मला त्यात माझी टिकली दिसली. मी विचारलं, काम कधी सुरू होईल? ते म्हणाले, अजून थोडी सफाई बाकी आहे.

रोहिणी माझ्याकडे वळली. “मॅडम, एक बोलू का? हे मशीन घाण नाहीये.”

“ते मला दिसतंय गं.”

“म्हणजे त्यांना हे काम करायचं नाहीये. मीटिंगमध्ये त्यांनी दातांतून हवा ओढली, तोच इथला नकार. आणि तुम्ही पाहुण्या, शिवाय पदाने मोठ्या. चार लोकांत तुम्हाला ‘नाही’ कोण म्हणणार? ही आपल्या पुण्याची मीटिंग नाही.”

“हे तू मला तीन दिवसांपूर्वी सांगायचंस.”

“तुम्ही शेड्यूलला लाल पेन लावत होतात,” ती म्हणाली. “मी पण घाबरले.”

मी ओनो-सान यांना म्हटलं की मला मशीनचं काही विचारायचं नाही, मला फक्त इंजिन बघायचं आहे. हे ऐकल्याबरोबर त्यांनी फडकं घडी करून ठेवलं आणि आम्हाला मागच्या शेडमध्ये नेलं. तिथे कान्नो-सान यांच्या ट्रकचं इंजिन उघडून ठेवलं होतं. शेजारी बाकावर पांढऱ्या कागदावर निळ्या मातीची एक पातळ चकती आणि बारीक मोजमापाचा एक व्हर्निअर ठेवलेला होता. ती माती म्हणजे लहान मुलं हत्ती-घोडे करतात ती, शंभर येनच्या दुकानातली. ओनो-सान यांनी ती पिस्टनवर थापली होती, जुनीच कॅमशाफ्ट ठेवून वर हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, बसवलं होतं, इंजिन हाताने फिरवलं होतं आणि सगळं परत उघडलं होतं. व्हॉल्व्ह मातीत जिथे रुतला तिथे उरलेली जाडी म्हणजे खरी जागा. ही युक्ती आमच्या धंद्यात जगभर करतात. मीही करायला हवी होती. मी केली नव्हती, कारण माझ्याकडे ड्रॉइंग होतं.

त्यांनी व्हर्निअर माझ्यापुढे केला.

जुन्या कॅमला ड्रॉइंगप्रमाणे तीन मिलिमीटर उरायला हवे होते. मी मोजले. सव्वादोन. परत मोजले. सव्वादोनच. मनात वजाबाकी केली. जुन्या कॅमला पाऊण मिलिमीटर कमी, तर माझ्या मोठ्या कॅमलाही पाऊण कमी. म्हणजे सव्वाऐवजी अर्धा. पूर्ण वेगात तो अर्धाही राहिला नसता. व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळले असते आणि पहिल्याच दिवशी इंजिन आणि शेवटची कॅमशाफ्ट, दोन्ही संपली असती.

“पाऊण मिलिमीटर कुठे गेला?” मी विचारलं.

“समुद्राने नेला,” ओनो-सान म्हणाले.

मग हळूहळू कळलं. त्सुनामीत हा ट्रक दोन दिवस खाऱ्या पाण्यात उभा होता. इंजिनाच्या ब्लॉकला आणि हेडला गंजाने खड्डे पडले होते. वीज आली त्याच आठवड्यात ओनो-सान यांनी दोन्ही पृष्ठभाग घासून सपाट केले, तेव्हा कुठे ट्रक चालू झाला आणि चिखल उपसू लागला. घासल्यामुळे पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांच्या जवळ आले. ज्या कारखान्यात एक वॉशर बदलला तरी फॉर्म भरतात, तिथे या एकाच कामाचा फॉर्म नव्हता. तेव्हा फॉर्म भिजलेले होते. आणि शाचोंसमोर “मी विनाकागद काम केलं” असं म्हणायची ओनो-सान यांना लाज वाटत होती.

मी दुसऱ्या दिवशी परत मीटिंग बोलावली. सांगितलं की मी प्रत्यक्ष माप घेतलं नव्हतं ही माझी चूक, आता घेतलं आहे, ब्लॉक आणि हेड मिळून पाऊण मिलिमीटर कमी आहे. ते कोणी घासलं हे मी मुद्दामच बोलले नाही.

शाचोंनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, “हो. त्या दिवशी मशीनवरचं झाकण मीच काढून दिलं होतं.”

कान्नो-सान म्हणाले, “हेड मी धरलं होतं.”

मी एकेकाकडे बघितलं. म्हणजे या खोलीत ही गोष्ट ठाऊक नसलेली मी एकटीच होते. मग पहिल्या मीटिंगमध्ये का नाही बोललात, असं मी शक्य तितक्या सौम्यपणे विचारलं. रोहिणीने ते माझ्याहूनही सौम्य करून सांगितलं असणार.

“आपटे-सान यांनी ते हिशेबात धरलंच असेल असं वाटलं,” शाचो म्हणाले. कान्नो-सान यांनी मान डोलावली.

ओनो-सान कानापर्यंत लाल झाले होते. शाचोंनी कपाटातून एक कोरा फॉर्म काढून त्यांच्यासमोर ठेवला, स्वतःचा शिक्का आधीच मारून. ओनो-सान यांनी तो जागच्या जागी भरला, तीन-चार वर्षं उशिरा.

आता निवड सोपी होती. पिस्टनमध्ये खाचा पाडून जागा करता आली असती, पण तसे पिस्टन परत मिळणार नव्हते. मध्यम कॅमलाही एक मिलिमीटर उरत नव्हता. राहिला लहान. कान्नो-सान यांचा चेहरा पडला. तेव्हा मी त्यांना आदल्या वर्षीच्या स्पर्धेचं विचारलं, जे खरं तर मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं: ट्रक थांबायच्या आधी इंजिनाचा आवाज चढत होता की उतरत होता?

“उतरत होता,” ते म्हणाले. “म्हाताऱ्यासारखा.”

तिथेच उत्तर होतं. मोठा कॅम वरच्या वेगात छान श्वास घेतो. पण खोकं पुढे सरकतं, ओझं वाढतं आणि शेवटच्या मीटरांत वेग उतरतो. नेमका तिथे मोठा कॅम धापा टाकतो. लहान कॅमचा जोर खालच्या वेगात असतो.

“म्हणजे आवाज कमी?” त्यांनी विचारलं.

“आवाज कमी, जोर जास्त.”

“माझी बायको नेमकी तशीच आहे,” कान्नो-सान म्हणाले आणि लहान कॅमवर बोट ठेवलं.

सफाई त्याच दुपारी संपली. ओनो-सान यांनी दोन दिवसांत कॅमशाफ्ट घासली, आणि अशी घासली की मला तपासणीत एकही लाल खूण करता आली नाही. बसवण्याआधी आम्ही दोघांनी परत निळी माती लावली. एक मिलिमीटर आणि वर केसभर.

स्पर्धेच्या दिवशी सगळा कारखाना डबे घेऊन मातीच्या कडेला बसला होता. शेजारच्या गावचा ट्रक असा गर्जला की रोहिणीने कानांवर हात ठेवले. तो अडुसष्ट मीटरवर धापा टाकून थांबला. आमचा ट्रक घुमत, जवळजवळ कुरकुरत निघाला. साठाव्या मीटरला वेग उतरला. ओनो-सान यांनी डोळे मिटून घेतले. इंजिन उतरलं, पण बसलं नाही. एकाहत्तर मीटर.

पहिला नंबर तिसऱ्याच गावाने नेला. कान्नो-सान यांना पहिल्या नंबरशी काही कर्तव्य नव्हतं. ते शेजारच्या गावच्या लोकांना आळीपाळीने वाकून नमस्कार करत होते, आणि इतका आनंदी नमस्कार मी जपानमध्ये दुसरा पाहिला नाही.

तर पोरांनो, ड्रॉइंग खरं असतं, पण ते काढलं त्या दिवसापुरतं. मध्ये समुद्र येऊन गेला असेल तर ते त्याला माहीत नसतं. आणि मीटिंगमध्ये सगळे गप्प बसले तर फाइल मिटू नका. खाली जा आणि कोणतं मशीन विनाकारण पुसलं जातंय ते बघा.